सेतुरावांचा शिक्का

आमच्या तंजावूरच्या गल्लीत कुणी 'व्हिसा' म्हटलं, की समोरच्या घरातले सेतुराव हातातली कॉफी ओट्यावर ठेवून उठत. महसूल कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. कॉम्प्युटर शिकलेली पोरं भराभर अमेरिकेला चालली होती, मागोमाग त्यांचे आईबाप निघत, आणि सेतुरावांच्या तावडीतून त्यांतला एकही सुटत नसे.

एका लग्नात पानावर बसलेले गृहस्थ म्हणाले, "आम्हाला दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आता दहा वर्षं मुलाकडेच!"

सेतुराव रसम-भात टाकून उभे राहिले. "अय्यो! दहा वर्षं जायची परवानगी आहे, राहायची नव्हे! तिथं उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारील, त्यावर तारीख असेल. बहुतेक सहा महिने. शिक्का पाहा, शिक्का! त्या तारखेआधी निघा, नाहीतर मुदत वाढवून मागा."

गृहस्थांना पुढचं पायसम गेलं नाही.

सेतुरावांचा मुलगा श्रीधर न्यू जर्सीत होता. त्याला मूल झालं तेव्हा सेतुराव आणि त्यांची बायको रुक्मामामी दोघंही गेली. दोघांना सहा-सहा महिने मिळाले. तिसऱ्याच महिन्यात सेतुराव एकटे परतले.

"काय मामा, हवा मानवली नाही?"

"हवा छान. मज काम नव्हतं. पोराला आजी लागते. आजोबा नुसता सोफा अडवतो, म्हणाला श्रीधर. हसत म्हणाला हं." परतीचं तिकीटही श्रीधरनंच अलीकडच्या तारखेचं करून आणलं होतं.

मग मेसचा डबा खात ते ओट्यावर बसून लोकांना शिक्का समजावत राहिले. मामींची मुदत संपत आली तसं त्यांनी घर रंगवून घेतलं, नवी मिक्सी आणली.

त्याच सुमारास एका सकाळी मी त्यांच्याबरोबर एसटीडी बूथवर गेलो. श्रीधरनं काय विचारलं ते मला त्यांच्या उत्तरांवरूनच कळलं.

"हो, आणखी सहा महिने मागता येतात... तारीख उलटायच्या आधी अर्ज घाल. कारण खरं ते लिही... मला कशाला विचारतोस? अम्माला विचार."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. "सरी, ठीक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

रस्त्यात मी चिडलो. "मामा, मुदत वाढत नाही म्हणाला असतात, तर श्रीधरनं मुकाट्यानं मानलं असतं. मामी परत आल्या असत्या."

"आली असती." ते तसेच चालत राहिले. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "फोनवर मागं बाळ काहीतरी करत असल्याचं ऐकू येत होतं. ही हसत होती रे. मोठमोठ्यानं. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या घरात ती अशी हसलेली मज आठवत नाही."