काळेनाना आणि आमचा फिल्टर

काळेनाना कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात आणि मग पाण्याचा फिल्टर उघडतात. ‘या’ म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेले असतात. चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी. गल्लीत कुणाच्या फिल्टरची कँडल कधी बदलायची, हे तेच ठरवायचे.

आमच्याकडे नळ येतो तो आठवड्यानं, मधल्या दिवसांत टँकर. त्यामुळे नानांना काम कायम. कँडल ब्रशनं घासायची, परत बसवायची आणि पेला धरून धार बघायची. घासूनही धार बारीकच राहिली, तर म्हणायचे, “ही गेली.” उजेडात धरल्यावर केसाएवढा तडा दिसला, तर “ही बी गेली.” पाण्याला मातकट वास आला, तर घरच्या बाईकडे असे बघायचे, की जायकवाडीत माती तिनंच कालवली असावी. आमच्या भाचीच्या बारशाला आले तेव्हा त्यांनी बाळाआधी फिल्टर पाहिला. बाळ चांगलं असल्याचं नंतर सांगितलं.

मागच्या दिवाळीत आम्ही पाणी शुद्ध करणारं, विजेवर चालणारं मशीन घेतलं. नाना सवयीनं आत शिरले, तेव्हा मी कौतुकानं म्हणालो, “नाना, आता तुम्हाला त्रास नाही. फिल्टर बदलायची वेळ झाली की ह्याचा हिरवा दिवा लाल होतो.”

नानांनी दिव्याकडे पाहिलं. “लई भारी,” म्हणाले आणि पाणी न पिताच गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. बायकोनं सांगितलं, आता गल्लीत बहुतेकांकडे असलंच मशीन आहे. नाना दुपारभर ओट्यावर एकटे बसलेले असतात. मुलगा पुण्याला, आणि काकू वारल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मला माझंच वाक्य टोचायला लागलं. घरातली सोय सांगायला गेलो आणि म्हाताऱ्या माणसाचं येणं बंद केलं.

शेवटी बायकोनं आपली एक लाल टिकली मशीनच्या हिरव्या दिव्यावर चिकटवली आणि मला नानांकडे धाडलं. पाण्याची चव बदलल्यासारखी वाटते, जरा बघता का, असं मी त्यांना म्हणालो.

नाना लगेच आले. पेला भरला, धार न्याहाळली, घोट घेतला. मग त्यांची नजर टिकलीवर गेली. तिच्या कडेनं हिरवा उजेड स्वच्छ दिसत होता. मी मान खाली घातली.

नानांनी सावकाश सगळा पेला संपवला.

“जरा शंका हाय, सूनबाई,” ते माझ्या बायकोला म्हणाले. “एकदा पिऊन कळायचं नाय. रविवारी परत बघावं लागंल.”