वाजल्याचा पुरावा

नागपूर राजधानी होतं तेव्हाची गोष्ट. सेक्रेटरिएटातले कारकून कृष्णकांत सुभेदार यांच्या घरी रेडिओ आला, ही घटना महाल भागातल्या त्यांच्या गल्लीने रीतसर मान्य केली होती. घरोघर पेढे पोचले होते, यंत्राला हार पडला होता, छपरावर एरियलची जाळी सर्वांच्या सल्ल्याने बांधली गेली होती. अडचण एकच होती. रेडिओ रोज लागत होता आणि कोणाला ऐकू येत नव्हता.

गल्लीची रीत अशी, की कोणाकडे नवं काही आलं की त्याचा वाटा शेजारी जायचा. लोणचं मुरलं की वाटी जायची, संत्री आली की टोपली जायची. आवाज तर वाटायला सगळ्यात सोपा, नुसता यंत्राचा कान पिळला की झालं. पण कृष्णकांत दिवसभर साहेबांचा आवाज ऐकून येत. संध्याकाळी हातपाय धुऊन ते चटईवर बसत आणि रेडिओ इतका हळू लावत, की गाणारी बाई आपल्याच कानाशी गुणगुणते आहे असं वाटावं. ऐकायचं तर पेटीला खेटून बसावं लागे. म्हणून त्यांची बायको अरुंधतीही शेजारी येऊन बसे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी सासूबाईंच्या, म्हणजे यमुताईंच्या देखत नवराबायको एका चटईवर कधी बसली नव्हती. आता यमुताईंनाही बोलायला जागा नव्हती. यंत्राची अटच तशी होती. कृष्णकांतांना गाणं आवडे हे खरं, पण त्या चटईसाठी ते सगळा दिवस रेटत, हे जास्त खरं.

एकदा समोरच्या मैनाबाईंनी खिडकीतून हे दृश्य पाहिलं. दोन डोकी पेटीला टेकलेली, डोळे मिटलेले, आवाज नाही. पेटी बिघडली असून दोघं दुःखात आहेत, असं त्यांनी नळावर जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी नळावरच अधिक विचार होऊन असं ठरलं, की पेटी ठणठणीत आहे आणि आत परमुलखाचं काहीतरी चोरून ऐकणं चाललं आहे. मग शिष्टमंडळ आलं. पुढे बाबनराव. पूर्वी घरी माग होता, आता गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांचे मुकादम; गल्लीत त्यांचा शब्द मोडण्याची पद्धत नव्हती.

"काहून गा कृष्णकांत," ते म्हणाले, "तुह्या रेडिओचे पेढे आमी खाल्ले न? मंग आमच्यापासून लपवून काय ऐकून राहिला तू?"

"लपवत नाही हो बाबनराव. हळू लावलं की चांगलं ऐकू येतं."

"तुले येते. आमाले कुठं येते?"

कृष्णकांतांनी सर्वांना आत येऊन बसायचं आमंत्रण दिलं. शिष्टमंडळाला ते फार लागलं. दुसऱ्याच्या घरी जाऊन ऐकणं म्हणजे याचना. आपल्या ओट्यावर बसून ऐकणं हा हक्क. त्याच दिवशी रेडिओ ऐकू येत नसल्याचा अर्ज गेला.

अर्जाची दखल श्रवण-निरीक्षण कचेरीने तत्परतेने घेतली, कारण त्या कचेरीकडे आजवर एकही अर्ज आला नव्हता आणि ती बंद होण्याच्या बेतात होती. निरीक्षक ओमप्रकाश सायकलवरून आले. त्यांनी लायसन तपासलं, ते चोख निघालं, त्यामुळे ते जरा खट्टू झाले. मग त्यांनी नियम समजावून सांगितला. लायसन हे वाजणाऱ्या यंत्राचं असतं. यंत्र वाजतं हे मालकाने सांगून भागत नाही, कारण मालकाचा त्यात स्वार्थ असतो. साक्षीदार त्रयस्थ हवा, म्हणजे शेजारी. शेजाऱ्याला ऐकू आलं नाही तर यंत्र वाजलंच नाही, आणि न वाजणारं यंत्र लायसनवर ठेवणं ही सरकारची फसवणूक.

कृष्णकांतांनी त्यांनाच ऐकून पाहायची विनंती केली. ओमप्रकाशांनी पेटीला कान लावला. बराच वेळ ते उठले नाहीत. शेवटी उठून त्यांनी टोपी सारखी केली.

"गाना बढिया आहे हो," ते म्हणाले. "पण मी हे ड्यूटीवर ऐकलं. ते धरता येत नाही."

जप्तीचा शब्द निघाला तेव्हा कृष्णकांतांनी रेडिओचा कान पुरता पिळला. आवाज बाबनरावांच्या ओट्यावरून थेट देवळापर्यंत गेला. निरीक्षकांनी शेरा मारला, 'समाधानकारक'.

यमुताईंनी चटईकडे पाहिलं. "आता माजघरातूनही ऐकू येतं हो, अरुंधती."

अरुंधती उठून आत गेली. कृष्णकांतांना रडू येईल इतकं वाईट वाटलं, पण त्या गलक्यात ते कोणाला कळलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी रेडिओ गल्लीभर वाजू लागला आणि गल्ली त्याच्यावर आवाज चढवून आपल्या गप्पा मारू लागली. मैनाबाई सुनेचं गाऱ्हाणं ओरडून सांगत, बाबनराव गिरणीतलं राजकारण. असंच एकदा वावटळीने एरियलची जाळी उडवून नेली. रेडिओतून नुसती खरखर येऊ लागली. कृष्णकांत शरमेने तो बंद करायला धावले, आणि बटणावर हात ठेवून थांबले. ओट्यावर कोणाचंही बोलणं अडलं नव्हतं. उलट बाबनराव मान डोलावत होते.

"आज जमलं गा गाणं," त्यांनी तिथूनच सांगितलं. "असंच मोठ्यानं लावत जाय."

कृष्णकांतांनी नवी जाळी बांधली नाही. खरखर पूर्ण आवाजात सोडून ते स्वयंपाकघरात गेले आणि पाट ओढून चुलीपाशी बसले. अरुंधती पोळ्या लाटता लाटता चटईवर ऐकलेलं एक गाणं गुणगुणत होती. ऐकायचं तर अगदी जवळ बसावं लागत होतं. यमुताई दारात येऊन काहीतरी विचारत्या झाल्या, पण खरखरीपुढे त्यांचा प्रश्न कोणाला ऐकू गेला नाही.

पुढे त्या गल्लीला आदर्श श्रोत्यांची गल्ली म्हणून कचेरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. वाचकहो, हसण्याआधी एक करा. तुमच्याही घरात आत्ता काहीतरी वाजत असेल. उठून पाहू नका. बसल्या जागेवरून सांगा, गाणं आहे की खरखर.