आर्डिसबाईंची झडती

"माझ्या सामानात तिळाएवढाही गुन्हा सापडायचा नाही," लेकाकडे कायमच्या राहायला निघालेल्या आर्डिसबाईंनी त्याला फोनवर ठणकावलं.

"आई, साउथ डकोटात चालतं ते इथे मॅसॅच्युसेट्समध्ये चालत नाही," लेन म्हणाला. "परवान्याशिवाय इथे नुसतं एक काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. त्यात माझे सासरे पोलिसातले."

"ठाऊक आहे. तुमच्या लग्नात माझ्या पर्सकडे बघत बसले होते."

"मॉरा म्हणते, एक जरी सापडलं तरी तुझी सोय वृद्धाश्रमात."

बाईंना तीन महिन्यांची नात मांडीवर घ्यायची होती. म्हणून त्यांनी जीभ आवरली आणि बंदूक शेजारच्या ऑर्व्हिलला देऊन टाकली. याच बंदुकीने त्यांनी सत्तेचाळीस हंगाम रानकोंबडे टिपले होते. नवऱ्याने, व्हर्लिनने, हयातीत फक्त कुंपणाचे खांब टिपले. "खांब पळत नव्हते म्हणून लागले," हे बाईंनी त्याच्या मयतीलाही चार जणांना सांगितलं होतं.

मग घराची झडती. काडतुसं शिवणाच्या डब्यात निघाली, टॉफीच्या वाडग्यात निघाली, व्हर्लिनच्या चर्चला जायच्या कोटातसुद्धा निघाली. "मेल्याला पाद्र्याची एवढी कसली भीती होती?" बाई पुटपुटल्या. एकूण दीड बादली भरली.

बादली उचलताना ऑर्व्हिल म्हणाला, "आर्डिस, तू घर सोडतेयस की लढाईची आघाडी?"

पिकअप गाडी हाकत बाई तीन दिवस एकट्या पूर्वेकडे जात राहिल्या. मॅसॅच्युसेट्सची सीमा दहा मैलांवर आली. पेट्रोल पंपावर ब्रेक दाबला, तर सीटखालून एक लाल काडतूस घरंगळत पायाशी आलं. बाईंनी ते झटकन मुठीत झाकलं. शेजारी एक ट्रकवाला काच पुसत होता.

"कुठे निघालास बाबा?"

"मागे पश्चिमेला, आयोवाला."

"मग हे घेऊन जा. आणि हा केक तुला."

त्याने केक तोंडात टाकला, काडतूस खिशात. "काही निरोप?"

"परत येऊ नकोस म्हणावं काडतुसाला."

लेनच्या दारात व्याही फॅलन टॉर्च घेऊनच उभे. "विहीणबाई, राग मानू नका."

"राग कसला? गालिच्याखालीही बघा. धूळ निघाली तर ती तुमच्या लेकीची."

फॅलननी विणकामाचे गुंडेसुद्धा उलगडले. काही नाही. बाईंनी हाताने तारीख घातलेल्या रानकोंबड्याच्या मांसाच्या बारा बरण्या तर त्यांनी स्वतःच उचलून आत नेल्या. मॉराने मुकाट्याने लेक सासूच्या मांडीवर दिली. बाईंची मान करकोच्यासारखी उंच झाली. त्या आनंदात त्यांनी एक बरणी उघडायला लावली, बटाट्यासोबत.

दुसऱ्याच घासाला व्याह्यांच्या तोंडात 'कट्' असं वाजलं. त्यांनी बोटाने दाढ चाचपली आणि ताटलीत काहीतरी ठेवलं. टिण्. काडतुसातला करडा, मोहरीएवढा छर्रा.

मॉराने छर्ऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

फॅलननी चष्मा लावला. "तीस वर्षं झडत्या घेतल्या. माल दाढेत पहिल्यांदा सापडला." मग पोलिसी आवाजात, "हा पक्षी मारला कुणी?"

बाईंनी तोंड उघडलं. सत्तेचाळीस हंगामांत त्यांनी एकही कोंबडा नवऱ्याच्या नावावर जाऊ दिला नव्हता. पण नातीने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं.

"आमच्या व्हर्लिनने," बाई म्हणाल्या. "नेम फार चांगला होता त्याचा."

लेनला जोराचा ठसका लागला.

फॅलननी बरणीचं झाकण उलटून वाचलं. "गेल्या ऑक्टोबरची तारीख आहे. व्हर्लिनना जाऊन किती वर्षं झाली?"

"चार वर्षं," बाई मांडीकडे बघत म्हणाल्या.

व्याह्यांनी शांतपणे ताटली पुढे केली. "वाढा अजून. पुरावा संपवायला हवा."

मॉराला हसू आवरेना. बाईंनी हळूच विचारलं, "मग वृद्धाश्रम?"

"आधी उरलेल्या अकरा बरण्या चिवडून छर्रे काढून द्या, आई. मग बघू."

बाई चष्मा लावून बसल्या. तिसऱ्या बरणीपर्यंत नऊ छर्रे निघाले. आपला नेम व्हर्लिनसारखा असता तर बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.