स्टडला अहो म्हणणारे देवरेअण्णा

देवरेअण्णा माणसांना अरे-तुरे करतात आणि नटबोल्टांना अहो-जाहो.

ऐकीव सांगत नाही. नाशिकच्या पेठ नाक्याजवळच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी स्वतः पाहिलंय. एक वकील गाडी घेऊन आले होते, चांगले पिकल्या केसांचे. अण्णा त्यांना म्हणाले, "ए, बाजूला हो, उजेड अडवू नको." आणि लगेच इंजिनात वाकून एका गंजक्या बोल्टला म्हणाले, "या साहेब. बसून बसून कंटाळला असाल. जरा इकडे सरकता का?" वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याकडे पाहिलं.

एकदा मी विचारलंच. अण्णा म्हणाले, "माणूस उलटून बोलतो. हा बिचारा कोणाला सांगणार? चाळीस वर्षं एका जागी उभा राहून तापलाय, भिजलाय, थरथरलाय. तू राहशील? अर्धा तास सभेत बसवत नाही तुला."

अण्णा मूळचे देवळ्याचे. अठराव्या वर्षी कांद्याची चाळ सोडून सातपूरच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागले, तिथेच निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी ही शेड उघडली. जिभेवरची अहिराणी मात्र पुरती गेलेली नाही. कोणी घाबरलेलं दिसलं की ते म्हणतात, "मी शे ना!" म्हणजे मी आहे ना. हे इतक्या खात्रीने म्हणतात, की समोरच्याला आपण कशाला घाबरलो होतो तेच आठवत नाही.

शेडच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: "येथे हातोडा मिळणार नाही. मागू नये." शेजारचा टायरवाला एकदा मागायला आला. त्याला त्यांनी पाटी मोठ्याने वाचायला लावली आणि तसाच परत पाठवला.

आवळलेल्या नटवरून अण्णा माणूस ओळखतात. हा नट घाबरटाने आवळलाय, हा बायकोशी भांडून आलेल्याने. आमच्या जीपच्या चाकाचे नट पाहून म्हणाले, "हे घोषणाबाईचं काम." घोषणाबाई म्हणजे मी. "भाषण दिल्यासारखे आवळलेत. सगळा जोर पहिल्यावर, शेवटचा तसाच ढिला."

आता जीपचं सांगते.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची शाळा बंद करायचं घाटत होतं. कारण काय, तर पटावर मुलं थोडी. मुलं थोडी असणं हा मुलांचा गुन्हा आहे, असं समजून एका साहेबांनी त्यांना सात किलोमीटरवरच्या शाळेत जायला सांगितलं. साहेब स्वतः दोन मजले लिफ्टने चढतात. शाळा वाचवायला उभ्या राहिलेल्या आमच्या समितीने आरडाओरडा केला तेव्हा कुठे सुनावणी लागली: सोमवारी अकरा वाजता, नाशिकला. पाड्यावरचे बारा पालक स्वतः बोलणार होते. पहिली एसटी पोचते सुनावणी उरकल्यावर. म्हणजे उरली आमची जीप. तिचं वय विचारू नका, कागदांवरचं सालसुद्धा पुसलं गेलंय.

आणि नेमकी गुरुवारी ती ट्रॅक्टरसारखी गरजायला लागली. इंजिनाचा जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी लोखंडी नळी असते, तिला इंजिनाशी धरून ठेवणारा एक स्टड ढिला झाला होता. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट: एक टोक इंजिनात रुतलेलं, दुसऱ्यावर नट. धूर थेट आत यायला लागला. आमचा ड्रायव्हर संतोष पाड्यावरचाच. त्याने ती एका गॅरेजात नेली. तिथल्या पठ्ठ्याने पान्याला हातभर पाइप लावून जोर दिला आणि स्टड मुळापाशी तोडला. वर म्हणाला, "पूर्ण हेड बदला. एवढ्या जुन्या गाडीवर कोण वेळ घालवतं?" हेड म्हणजे इंजिनाचा अख्खा वरचा भाग.

माझं डोकं फिरलं. साहेब शाळेबद्दल तरी वेगळं काय म्हणाले होते? जुनं आहे, थोडं आहे, लांब आहे, तर टाका! शुक्रवारी सकाळी दुसऱ्या गाडीला टोचन लावून जीप अण्णांकडे आणली.

अण्णांनी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन पाच मिनिटं पाहिलं. मग इंजिनावर तळहात ठेवला.

"पाइप लावला ना कोणीतरी?"

"व्हय अण्णा," संतोष म्हणाला.

"गाढव. रविवारी संध्याकाळी न्या."

"नक्की?" मी विचारलं. "कारण सोमवारी..."

"अकरा वाजता. तुझं पत्रक वाचलंय मी. एका वाक्याला तीन उद्गारचिन्हं? एका बोल्टला कोणी तीन नट लावतं का गं?"

अण्णांनी तुटका भाग तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केला. त्यावर एक नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग भरलं, म्हणजे स्टडला नवं डोकं आलं. मग गॅसच्या ज्योतीने आजूबाजूचं लोखंड तापवलं आणि वर साधी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून फटीत दिसेनासं झालं. "तेल दारात थांबतं," अण्णा म्हणाले, "मेण घरात जातं." मग पाना लावला आणि काढायचा सोडून आवळायला लागले.

संतोष ओरडला, "अण्णा, उलटं चाललंय! काढायचा हाय ना?"

"गप. आधी केसभर आवळायचं. गंजाची पकड सुटते. त्यांना वाटलं पाहिजे की आपण त्यांच्या बाजूचे आहोत." मग स्टडकडे वळून, "आज दमलात ना? राहू द्या." आणि आम्हाला, "जा आता. उद्या दहाला या, दोघंही. समोर माणसं असली की काम चालतं."

शनिवारी दिवसभर हेच चाललं. तापवायचं, मेण, केसभर आवळायचं, केसभर सोडायचं. मी अवजारांच्या पेटीवर बसून सुनावणीचं निवेदन लिहीत होते. अण्णा हाताने काम करत होते आणि तोंडाने टोपीची गोष्ट सांगत होते. कंपनीतल्या परदेशी मशीनचा बोल्ट अडकला. परदेशातून इंजिनिअर आला, चार दिवस झटला, हरला. अण्णांनी देव्हाऱ्यातली मेणबत्ती आणून तासाभरात काढून दिला. "त्याने टोपी काढली माझ्यासमोर. टोपी!" ही गोष्ट आम्ही दुपारपर्यंत तीनदा ऐकली आणि दर वेळी टोपी थोडी मोठी झाली.

दुपारी पाड्यावरच्या हिराबाई बाजाराला आल्या होत्या, त्या डोकावल्या. त्यांची पोरगी तिसरीत आहे. इंजिनाकडे पाहत त्या म्हणाल्या, "निंघल का वो? नायतर पोरीला त्या ओहोळातून जावं लागंल. पावसाळ्यात कंबरंएवढं पानी ऱ्हातं."

अण्णांनी पाना खाली ठेवला. "तू पाड्यावर जाऊन सगळ्यांना सांग, सोमवारी सातला तयार राहा. मी शे ना!" मग त्यांनाही चहा पाजला आणि टोपी चौथ्यांदा निघाली.

रविवारी चार वाजता अण्णांनी संतोषच्या हातात पाना दिला. "तू काढ. जोर नको लावू. नुसता हात ठेव."

संतोषने श्वास रोखून पाना फिरवला. पाव फेरा. अर्धा. आणि तो स्टड, ज्याच्यासाठी अख्खं हेड फेकायला सांगितलं होतं, लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला. आतले आटे शाबूत. मी टाळ्या वाजवल्या, टायरवाल्याने शिट्टी मारली. अण्णा स्टडला म्हणाले, "फार उपकार झाले," आणि नवा बसवायला घेतला. असा माणूस माझ्या शहरात आहे, या अभिमानाने माझी छाती फुगली. आजही ती तेवढीच फुगलेली आहे, आणि पुढचं वाचून तुमचीही फुगेल.

सोमवारी जीप वीस मिनिटं आधी पोचली. बाराही जण बोलले. हिराबाईंनी ओहोळाचं पाणी कुठवर येतं ते स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवलं, तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं. शाळा यंदा चालू राहणार, पुढचं पुढे. पुढचं आम्ही बघून घेऊ.

संध्याकाळी समितीच्या खोलीत मी तो जुना स्टड फडक्याने पुसत होते. आठवण म्हणून मागून आणला होता. आट्यांच्या तळाशी तांबूस, चिकट काहीतरी लागलं. गंज असेल म्हणून संतोषला दाखवलं. त्याने बोटांवर घेतलं, चोळलं, वास घेतला.

"ताई, हे ग्रीस हाय. पुन्हा अडकू नये म्हनून बसवताना लावत्यात. काढताना नाय लावत."

"मग चाळीस वर्षांपूर्वी लावलं असेल."

"चाळीस वर्सं तापून वलं ऱ्हाईल का? हे दोन-तीन दिसांतलं हाय."

ग्रीस तळाशी लागायचं तर स्टड आधी बाहेर यायला हवा, आणि शनिवारी तर आम्ही दिवसभर समोरच होतो. स्टड शुक्रवारीच निघाला होता, आम्ही गेल्यावर, एका दुपारात! अण्णांनी तो काढला आणि पुन्हा आत बसवून ठेवला. पण कोरडा बोल्ट त्यांनी आयुष्यात कुठे घातलेला नाही. खोटं बोलायला जीभ तयार झाली, हात झाले नाहीत. त्यांनी नेहमीसारखं ग्रीस लावलंच.

पहिला आला तो संताप. दोन दिवस आमचा जीव टांगणीला लावला या माणसाने! वाक्य तयार होतं, तीन उद्गारचिन्हांसकट. मग मला कप आठवले. शनिवारी अण्णांनी चहा दिला ते चारही कप कोरे होते, बुडाला दुकानाचं स्टिकर तसंच. आधीचा कप शेडमध्ये एकच होता. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली, हेही त्यांनी टोपीच्या गोष्टीत मध्येच, श्वास घ्यायला थांबल्यासारखं सांगितलं होतं. मी मान वर केली नव्हती. निवेदन लिहीत होते.

"विचारायचं का त्यांना?" संतोष म्हणाला.

"काही विचारायचं नाही. शुक्रवारी जीप घेऊन जाऊ. हॉर्न दाखवू."

"हॉर्न त चांगला हाय."

"माहितीये."

शुक्रवारी अण्णांनी हॉर्न दोनदा वाजवला, डोळे मिटून ऐकला. मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना कळलं, हे आम्हाला कळलं.

"आवाजात काहीतरी शे," ते शेवटी म्हणाले. "गाडी ठेवून जा." मग फडक्याला हात पुसत, आमच्याकडे न बघता, "नाही, ठेवून नका जाऊ. बसा."