चार बोटं पाणी

"सल्याब नापास!"

गच्चीच्या स्लॅबवरून उत्तमराव गावंड्यांचा आवाज आला आणि खाली मांडवाला आंब्याची पानं बांधणारे हात जागच्या जागी थांबले. थोड्या वेळात नव्या घरांच्या चाव्या वाटायच्या होत्या. पेढे येऊन पडले होते.

उत्तमराव हे अकोल्यातल्या सरकारी घरकुल योजनेचे गुणवत्ता निरीक्षक. ठेकेदाराच्या चहाला ते हात लावत नसत आणि पाणी उभं करून पाहिल्याशिवाय कुठलीही गच्ची पास करत नसत. गच्चीवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी करायची, पाणी जायच्या भोकात बोळा कोंबायचा, पाणी भरायचं, कठड्यावर गेरूची खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहायचं, ही त्यांची रीत. कीर्तनाचं त्यांना भारी वेड. मडकं कच्चं की पक्कं हे कुंभार थापटीनं वाजवून पाहतो, ते आख्यान लागलं की त्यांचे डोळे भरून येत. आपली नोकरीही त्याच घराण्यातली, असा त्यांचा नम्र अभिमान होता. नम्र थोडा, अभिमान जास्त.

कालही दिवस कलल्यावर त्यांनी स्वतः उभं राहून टँकरचं पाणी भरून घेतलं होतं. मग चाव्यांच्या आनंदात मांडवात चांदूर बाजारच्या महाराजांचं कीर्तन झालं. मे महिन्याची काहिली, पण उत्तमराव मोठ्या कूलरसमोर बसून गारेगार वाऱ्यात डोलत होते. आणि आज सकाळी पाहतात तर पाणी खुणेच्या चार बोटं खाली!

मनोज ठेकेदार धापा टाकत वर आला.

"सायब, ऊन पेलं असन पानी!"

"रातच्यानं कोनतं ऊन पडलं होतं, मनोजभाऊ?"

"पन खाली छत कोरडं हाय ना! हात लावून पाहा."

"तेच तं भेव हाय. टपकलं असतं तं कुठून टपकते थे तरी समजलं असतं. हे पानी सल्याबच्या पोटात जाऊन बसलं."

मनोजनं कपाळावर हात मारला. "देवाशप्पथ सांगतो सायब, याच्याआंधी जे बांधलं त्याच्याबद्दल मी काहीच बोलत नाई. पन ह्या सल्याबमदी शिमिट पुरं टाकलं! जिंदगीत पयल्यांदा इमानदारी केली आन् पयल्यांदाच नापास झालो!"

"सल्याब फोडून पाहा लागन. चाव्या आता पावसाळ्यानंतर."

ही बातमी जिन्यानं उतरता उतरता वाढत गेली. वरच्या मजल्यावर 'सल्याबले भेग पडली' होती, मधल्या मजल्यावर 'सल्याब बसला', आणि मांडवात पोचेपर्यंत इमारतच एका बाजूला कलली होती. मांडववाल्यानं त्या बाजूच्या खुर्च्या गुपचूप उचलल्या. पेढ्यांवर पुन्हा झाकण पडलं.

तेवढ्यात माणिकबाई जिना चढून वर आली. बाजारात भाजी विकणारी बाई. सोडतीत तिला नेमकं गच्चीखालचंच घर लागलं होतं.

"सायब, नापास असन तं नापासच लिवा," ती ठामपणे म्हणाली. "टिनाखाली पातेले ठेवू ठेवू माही जिंदगी गेली. टपकत्या घराची चाबी मले नोको. पन किती पानी गेलं, थे तं दाखवा."

उत्तमरावांनी खूण दाखवली. माणिकबाईनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"बाप्पा! थे व्हय? थे तं मीनं नेलं!"

"नेलं? कुठं नेलं?"

"कूलरात! तुमीच मनले ना, महाराजाले गर्मी व्हते, कूलर बंद पडू देऊ नोका. नळ तं आठ दिवसापासून आला नाई. इथं पाहतो तं एवढं पानी उगीच पडून! मनलं, देवाच्या कामी लागू द्या." तिनं श्वास घेतला. "आन् समोर कोन बसलं होतं सायब? डोये मिटून कशी मान डोलवत होते!"

ज्या गळतीचा शोध चालला होता, ती काल संध्याकाळभर उत्तमरावांच्या तोंडावर वाहत होती.

मनोज उड्या मारायचाच बाकी होता. "मंग पास लिवा, सायब!"

"नाई. पानी खुनेपर्यंत उभं राह्यलं पायजे."

"बरोबर हाय," माणिकबाई म्हणाली. "राहाचं मले हाय, मनोजभाऊ."

पण पाणी आणायचं कुठून? टँकरवाला फोन उचलेना. शेवटी ज्यांना घरं लागली होती तीच माणसं आपापल्या राखलेल्या पाण्यातून कळशी, घागर, कॅन घेऊन आली. मुक्कामी थांबलेल्या महाराजांनी तांब्या रिकामा केला. पाणी खुणेला लागलं. चाव्या उद्यावर गेल्या.

दुसऱ्या सकाळी उत्तमराव गच्चीवर वाकले आणि वाकलेलेच राहिले. खूण दिसतच नव्हती. पाणी तिच्याही वर चढलं होतं.

"हे काय?"

मनोज खाली पाहू लागला. "उनानं कमी होईन मनून... एक बकेट टाकली."

"मीनं बी एक घागर," माणिकबाई पुटपुटली. मागून मांडववाल्यानं हात वर केला. त्याच्यामागून आणखी हात वर झाले. महाराज खाकरले. "आमचाही तांब्याभर होता, उत्तमराव."

उत्तमराव खाली माणिकबाईच्या घरात गेले, स्टुलावर चढले, छताचा कोपरा न् कोपरा हातानं चाचपला. मग फरशीवर उताणे पडून वर पाहत राहिले. दाराशी सगळे माना उंचावून उभे.

"खुनेपर्यंत पानी झेलनं हा नियम हाय," ते उठत म्हणाले. "ह्या सल्याबनं तं साऱ्या मोहल्ल्याचं भेव झेललं. पास!"

मनोज लहान मुलासारखा रडला, आणि रडता रडता त्यानं सल्याबसोबत आपला फोटो काढून घेतला. माणिकबाईनं चावी कपाळाला लावली. पण आत जाण्याआधी तिनं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि उत्तमरावांकडे पाहून मान डोलवली.

"पक्कं हाय, सायब."

उत्तमरावांचे डोळे भरून आले. आख्यान न लागताच.

संध्याकाळी पुन्हा कीर्तन ठरलं. पाहणी झाली की पाणी सोडून द्यायचं, या नियमाप्रमाणे उत्तमराव बोळा काढायला गच्चीवर गेले. गच्ची कोरडी ठणठणीत होती. बोळा जागच्या जागी होता.

खाली मृदंगावर थाप पडली आणि कूलर घरघरू लागला. उत्तमराव खाली उतरले, पहिल्या ओळीत आपल्या जागी बसले आणि वाऱ्यात डोळे मिटून डोलू लागले. पाणी कुठं गेलं, हे या वेळी त्यांनी कोणालाच विचारलं नाही.