वाळूचं माहेरपण

बागेतल्या हौदातल्या वाळूने माहेरी जायचा हट्ट धरला तेव्हा श्रावण तोंडावर आला होता, त्यामुळे सुलोचना नारखेडे यांना तिला नाही म्हणता येईना.

हौद त्यांनीच करवून घेतला होता. जळगावच्या त्या सोसायटीत मुलांना लिफ्टखेरीज खेळायला काही नव्हतं. बाईंनी कोपऱ्यात विटांचं चौकोनी आळं बांधून घेतलं, पाणी निचरावं म्हणून तळाशी खडी पसरली, खडीवर गोणपाट आणि त्यावर अंजनी नदीची धुतलेली, चाळलेली वाळू. रोज सकाळी त्या ती खालीवर करून तिला ऊन देत. मांजरं येऊ नयेत म्हणून संध्याकाळी ताडपत्री ओढत. तरी वाळू दिवसेंदिवस वाळतच चालली. किल्ल्याचे बुरूज उभे राहायच्या आधीच बसकण मारू लागले. शेवटी त्यांच्या नातीने, चार्वीने, वाळूला कान लावला.

"आजी, तिला करमत नाही. आल्यापासून एकदाही माहेरी पाठवलं नाही, म्हणते."

सुलोचनाबाईंना ते फार लागलं. "म्हणजे मी हिला सासुरवास केला?"

"तसं नाही म्हणत. पण रडते."

सभा बोलावली गेली. चेअरमन बऱ्हाट्यांचा विरोध होता. "गेली आणि परत आलीच नाही तर? त्यापेक्षा तिथे पेव्हर ब्लॉक बसवू. गाड्या तरी लागतील."

"साहेब, तुमच्या मिसेस गेल्या आठवड्यात माहेरी गेल्या. त्यांच्या जागी काय बसवलंत?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

मग गोकुळाष्टमीपर्यंत वाळूला पाठवावं, नाही आली तर ब्लॉक बसवावेत, असं ठरलं. एकटीला कसं पाठवायचं, म्हणून नदीला निरोप गेला.

दुसऱ्याच दिवशी गेटवर घागरीएवढा काळा गोटा येऊन थांबला. वॉचमनने अडवलं. "कोणाकडे?"

"बहिणीकडे. मी थोरला. मुराळी आलोय."

त्याला पाट मांडला. त्याने पुरणपोळी मागून घेतली आणि दुधाला मात्र संकोच केला. सुलोचनाबाईंनी वाळूची खणानारळाने ओटी भरली. मग कण न् कण उठला आणि पदर सावरावा तशी ती झुळझुळत गेटबाहेर पडली. पुढे भाऊ घरंगळत, मागे ती. हमरस्त्यावर एस.टी. थांबली, कंडक्टरने खाली उतरून दोघांना रस्ता ओलांडून दिला.

नंतरचे दिवस वाईट गेले. मुलं रिकाम्या हौदाच्या काठावर पाय सोडून बसत. बऱ्हाटे टेप घेऊन येत आणि "मोटारी आरामात बसतील" असं मोठ्याने म्हणत. सुलोचनाबाई सवयीने सकाळी नुसतंच गोणपाट झटकत. माहेरी गेल्यावर परत यावंसं वाटेल असं आपण तिला काय दिलं होतं, हे त्यांना आठवून आठवून सापडेना.

अष्टमीच्या सकाळी ब्लॉकचा ट्रक गेटपाशी आला आणि तिथेच अडला, कारण समोरून वाळू येत होती.

चांगली अंगाने भरली होती. रंग उजळला होता. अंगभर शिंपल्यांचे दागिने होते. तिला पाहताच मुलांनी असा गिल्ला केला की वरच्या गॅलऱ्यांतले कपडे वाळत टाकायचे राहिले. ती तडक हौदात गेली, ऐसपैस पसरली, आणि आता हौदातही मावेना. मुलं तिच्यावर तुटून पडली. पहिलाच बुरूज चार्वीच्या डोक्याच्याही वर गेला, आणि उभा राहिला.

"आली गं बाई," सुलोचनाबाई एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

तेवढ्यात ट्रक आपणहून मागे सरकला. त्याच्या चाकांखालून अंजनी नदी आत येत होती.

"पोरीचं घर पाहायला आले," ती गेटपाशी थबकून म्हणाली. "दोन दिवस राहीन. अडचण तर नाही ना?"

बऱ्हाट्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाकून नमस्कार केला. "अडचण कसली, मावशी! व्हिजिटर पार्किंग मोकळंच आहे. ऐसपैस बसा."

नदी तिथे बसली. लेकीच्या हौदाकडे पाहून तिने समाधानाचा एक लहानसा भोवरा काढला. पोरांना आता कुठे उडी घ्यावी ते कळेना.

सुलोचनाबाई पातेलं घेऊन लगबगीने खाली आल्या. "आधी चहा टाकते. साखर चालते ना तुम्हाला?"

"चालते की," नदी म्हणाली, "पण पाणी माझंच घ्या."

सुलोचनाबाईंनी वाकून पातेलं भरून घेतलं.