खालून बघणारे बबनआबा

आमच्या अवसरी गावावरून विमान गेलं की सगळे मान वर करून बघतात. एकटे बबनआबा बघत नाहीत. ते खाली बघतच कावतात, "ह्याच्यावर जमिनीवरनं नजर कोण ठेवतंय, ते सांगा आधी!"

आबा हवाई दलात रडारवर होते. सगळी नोकरी जमिनीवर, पडद्यावरचे ठिपके बघण्यात गेली. गावाला मात्र हवाई दल म्हणजे पायलट. एका सत्कारात निवेदकाने त्यांना 'माजी वैमानिक' म्हटलं, तर आबांनी भर मांडवात शाल परत केली. नारळ तेवढा ठेवला. "त्याचा काय दोष?"

मध्यंतरी पेपरात आलं की कुठल्याशा चिमुकल्या देशाने नवी कोरी लढाऊ विमानं घेतली. आबा पेपर घेऊन माझ्या दारात हजर. मी त्यांची शेजारीण आणि इथल्या शाळेतली बाई, त्यामुळे जगाच्या चुकांचा जाब मीच द्यायचा.

"ह्यात रडार कुठं लिवलंय? अवो बाई, विमानं थोडी असली की रडार आधी लागतं! न्हाईतर ती बिचारी उगा घिरट्या घालणार, तेल जाळणार, इंजिनं झिजवणार. रडार असलं की विमान गप जाग्यावर थांबतं आन् बोलावलं की नेमकं जातं. नुसती विमानं घेऊन कसली आलीय सुधारणा? डोळं बांधून बैलगाडा पळिवताय व्हय?"

"आबा, ती विमानं मी घेतलीत का?"

"न्हाई. पण भिंतीवर तुमीच काढताय ना!"

खरं दुखणं हे होतं. पंधरा ऑगस्टसाठी शाळेच्या भिंतीवर लढाऊ विमान रंगवायचं ठरलं होतं आणि काम माझ्याकडे होतं. आबांना त्याच्या शेजारी रडार हवं होतं. पेन्सिलीने चित्रच काढून आणलं त्यांनी. सरपंच म्हणाले, "डिश टीव्हीची जाहिरात वाटंल, राव." सगळे हसले. मीही हसले. आबांनी चित्राची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याशी बोलणंच टाकलं.

मलाही राग आला. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट पुरवायचा तरी किती? त्यात रोज संध्याकाळी फाट्यावरच्या दगडावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला अडवायचं: "कुठनं आला? मागं कोण ऱ्हायलंय?" नसत्या चौकशा, दुसरं काय!

त्याच आठवड्यात मी जुन्नरला बहिणीकडे गेले. परतताना स्कूटी पंक्चर झाली, मोबाईलही बंद पडला. फाट्यावर पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि आमच्याकडे उसात बिबट्या असतो. दगडापाशी आबा बॅटरी घेऊन उभे होते. अबोला विसरून माझ्यावर कडाडले, "निघताना फोन करायला काय झालं व्हतं? समदं गाव पोचलं, तुमी एकट्याच बाहेर!"

आबांच्या घरी त्यांची बायको, आमच्या काकू, ताट झाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "रोजचंच हाय, बाई. नोकरीत शेवटचं विमान उतरल्याबिगर खुर्ची सोडायचे न्हाईत. आता शेवटचं माणूस गावात शिरल्याबिगर जेवत न्हाईत."

मला माझीच चीड आली. त्यांच्या चित्राला हसले होते ना मी! दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला आणि कोणालाही न विचारता विमानाशेजारी भलंमोठं रडार काढून घेतलं. सरपंच बडबडले. त्यांना म्हटलं, डिश म्हणा, परात म्हणा, ते तिथेच राहील.

आबा बघायला आले. बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले. मला वाटलं, आता म्हातारा विरघळणार.

"चुकलंय!" आबा तडकले. "त्याचं तोंड देवळाकडं कशाला? देव काय हरवतोय व्हय? फाट्याकडं करा. माणसं तिकडनं येत्यात."